वर्गणीदारांचे विद्यापीठ

जुन्या वाचनालयातील पुस्तक हाती आले, की त्याच्या मुखपृष्ठाकडे वळण्यापूर्वी अखेरच्या पानावर डकवलेला तारखांचा कागद न्याहाळण्याची मला फार दिवसांची खोड आहे. त्या कागदावर कोणाचे नाव नसते, अभिप्राय नसतो; रबरी शिक्क्याने उमटवलेल्या, काही गडद, काही पुसट, काही एकमेकींवर चढलेल्या अशा तारखांच्या दोन-तीन रांगा तेवढ्या असतात, आणि त्या रांगांत मध्येच कोठेतरी वीस-पंचवीस वर्षांचे खिंडार पडलेले असते.

काही वर्षांपूर्वी एकोणिसाव्या शतकातील एका मासिक पुस्तकाच्या फायलीसाठी मी वणवण करीत होतो. एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिची नोंद होती, नोंदीवर क्रमांक होता, क्रमांकाची फळीही सापडली. नव्हती ती फक्त फाईल. पुढे दोन-तीन ठिकाणी पत्रे धाडून झाल्यावर, एका तालुक्याच्या गावी, एस.टी. स्थानकामागच्या बोळात, खाली दुकानांचे गाळे आणि वर वाचनालय अशा एका दुमजली इमारतीत ती असल्याचा सुगावा लागला. विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्याचे शिफारसपत्र मी मोठ्या भक्तिभावाने तेथील ग्रंथपालांपुढे ठेवले. त्या वृद्ध गृहस्थांनी घडी न उलगडताच ते माझ्याकडे परत सरकवले. "पत्र राहू द्या तुमच्याजवळच," ते म्हणाले, "अनामत भरा आणि महिन्याचे वर्गणीदार व्हा. वर्गणीदाराला कपाट उघडून देता येतं." मी पैसे भरले, पावती खिशात घातली, कपाट उघडले गेले, आणि वाळवीने कडा कुरतडलेली, पण आतल्या मजकुराला धक्का न लागलेली ती फाईल चार दिवस माझ्यापुढे उघडी राहिली.

त्या वेळी मला त्या अटीचे थोडे हसूच आले होते. पुढे मराठी संशोधनाचा पूर्ववृत्तान्त जसजसा वाचीत गेलो, तसतसे त्या ग्रंथपालांनी नकळत इतिहासाचेच एक कलम मला वाचून दाखवले असे वाटू लागले. ज्या विद्वत्तेला आपण विद्यापीठीय म्हणून गौरवतो, तिच्यापाशी मराठीपुरते जे साधनधन आहे त्याचा मोठा हिस्सा विद्यापीठांनी जमवलेला नाही. तो गावोगावच्या वर्गणीदारांनी, संशोधनाचा संकल्पही मनात नसताना, महिना दोन-चार आणे भरून, वाचून आणि परत करून जमवला आहे.

वर्गणीवर चालणाऱ्या या संस्थांचा आरंभ पाहू लागले, तर संशोधन हा शब्द त्यांच्या पाळण्याच्या आसपास कोठेही ऐकू येत नाही. मुंबईत १८०४ साली जेम्स मॅकिंटॉश याच्या पुढाकाराने जी लिटररी सोसायटी स्थापन झाली आणि जी पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा म्हणून टाउन हॉलाच्या त्या उंच पायऱ्यांवर जाऊन बसली, ती विद्वानांची सभा खरी. परंतु ती साहेबलोकांची सभा होती, आणि तिच्या सभासदांच्या यादीत एतद्देशीय नाव चढण्यास १८४० साल उजाडावे लागले. जिल्ह्यांच्या गावी जे घडले ते निराळे. पेशवाई बुडून दहा वर्षे होतात न होतात तोच, १८२८ साली, रत्नागिरीस वाचनालय निघाले. नगरास १८३८ साली, नाशकास १८४० साली, पुण्यास १८४८ साली, कोल्हापुरास १८५० साली, कल्याणास १८६४ साली, अशी ही साथ, आणि साथीसारखीच ती एका गावाहून दुसऱ्या गावास गेली, हळूहळू देशभर पसरली. 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' हे त्यांपैकी बहुतेकांचे मूळचे नाव. एखादा हौशी कलेक्टर किंवा जज्ज, त्याच्या कचेरीतील शिरस्तेदार, गावचे मुनसफ, वकील, शाळामास्तर आणि एखादा विद्याप्रेमी सावकार, एवढ्या मंडळींनी एकत्र यावे, एखाद्या वाड्याची ओसरी मागून घ्यावी, वर्गणीचा आकडा ठरवावा आणि मुंबईहून वर्तमानपत्रे व पुस्तके मागवावी, हा त्यांचा सर्वसाधारण शिरस्ता. पुण्याच्या लायब्ररीच्या उभारणीत गोपाळ हरी देशमुख यांचा हात होता. 'प्रभाकर' पत्रात त्यांची शतपत्रे 'लोकहितवादी' या सहीने येऊ लागली तीही त्याच १८४८ साली. पंचविशीतल्या या सरकारी अंमलदाराच्या दृष्टीने लायब्ररी म्हणजे विद्वानांचे गुप्त धन नव्हते, लोकांचे अज्ञान घालवण्याचे ते एक साधन होते. आणि लोकांनी येऊन वर्तमानपत्र वाचावे एवढ्यावरही त्या काळी ती संस्था कृतार्थ होत असे.

मग ही सार्वजनिक करमणुकीची आणि लोकशिक्षणाची स्थाने संशोधनाची आगरे कशी झाली? याचे उत्तर विद्यापीठाच्या इतिहासात सापडते, आणि ते विद्यापीठास फारसे भूषणावह नाही. मुंबई विश्वविद्यालयाची स्थापना १८५७ सालची. आरंभीच्या परीक्षांत देशी भाषांना जागा होती. परंतु पाच-सहा वर्षांतच वरच्या परीक्षांतून मराठीची गच्छंती झाली आणि तिच्या आसनावर संस्कृत, लॅटिन आदी अभिजात भाषांची प्रतिष्ठापना झाली. न्यायमूर्ती रानडे यांनी या निर्णयाविरुद्ध वर्षानुवर्षे खटपट केली आणि त्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस, १९०१ साली, एम.ए.च्या परीक्षेत मराठीला पुनश्च प्रवेश मिळाला. मधली सुमारे चाळीस वर्षे म्हणजे मराठी गद्याच्या उभारणीची, पहिल्या कादंबऱ्यांची, निबंधांची, नाटकांची, मासिकांची वर्षे. आणि नेमक्या याच वर्षांत आमच्या विश्वविद्यालयास मराठी पुस्तक संग्रही ठेवण्याचे प्रयोजन उरले नव्हते. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लक्ष आणि मातेच्या स्मरणार्थ मनोऱ्यासाठी दोन लक्ष रुपये दिले, १८७८ साली राजाबाई टॉवर पुरा झाला, त्याच्या पायथ्याशी रंगीत काचांचा भव्य वाचनकक्ष उभा राहिला. परंतु जी भाषा पदवीच्या परीक्षेस नाही, तिच्या पुस्तकांची त्या कपाटांना काय मातब्बरी असणार?

सरकारची व्यवस्था याहून चमत्कारिक होती. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यान्वये प्रत्येक छापखान्याने आपल्या पुस्तकाच्या प्रती सरकारजमा करावयाच्या आणि सरकारने दर तिमाहीस त्यांची फेरिस्त छापावयाची असा दंडक पडला. त्या फेरिस्ती आज अनमोल आहेत; कोणते पुस्तक कोठे, किती प्रतींनी आणि किती किमतीस छापले हे त्यांतून कळते. परंतु जमा झालेल्या प्रतींतील निवडक पुस्तके साता समुद्रांपलीकडे लंडनास गेली, इंडिया ऑफिसात आणि ब्रिटिश म्युझियमात विसावली; आणि १८९२ साली ब्लूमहार्ट याने ब्रिटिश म्युझियममधील मराठी व गुजराती छापील ग्रंथांची सूची सिद्ध केली, तेव्हा पुण्याच्या शनिवार पेठेत छापलेल्या एखाद्या चोपड्याचा ठावठिकाणा पुणेकराने टेम्स नदीच्या काठी विचारावा असा प्रसंग आला. घरचे दप्तर परगावच्या कचेरीत जमा व्हावे आणि दाखल्यासाठी मालकानेच अर्ज घेऊन तेथवर जावे, तशातली ती गत होती.

या दोहोंच्या मधल्या पोकळीत नगर वाचनालये उभी होती. वर्गणीदारांना 'मुक्तामाला' हवी होती, म्हणून ती विकत घेतली गेली. 'विविधज्ञानविस्तार' वाचावयाचा होता, म्हणून १८६७ पासून त्याचे अंक येत राहिले. 'निबंधमाले'वरून गावात वाद माजत, म्हणून तिची फाईल बांधून ठेवावी लागली. पुस्तकनिवडीमागे कोणतेही विद्वज्जनमान्य धोरण नव्हते, आणि हेच त्या संग्रहांचे मोल. विद्वान मनुष्य पुस्तके निवडतो तेव्हा तो आपल्या काळाला जे थोर वाटते तेच निवडतो. वर्गणीदार मात्र पाकशास्त्र, पंचांग, फार्साची पुस्तके, वैद्यकाची चोपडी, बक्षिसपात्र निबंध आणि कोणी एका सुताराने स्वखर्चाने छापलेले अभंग, असे सारेच कपाटात जमा होऊ देतो. शंभर वर्षांनी अभ्यासकास जे हवे असते ते पुष्कळदा त्या थोर पुस्तकांच्या रांगेत सापडत नाही; ते या बारदानात सापडते.

निव्वळ मराठी ग्रंथांचाच संग्रह करावा असा स्पष्ट संकल्प प्रथम ठाण्यास झाला. १८९३ साली विनायक लक्ष्मण भावे आणि विष्णु भास्कर पटवर्धन यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले, तेव्हा भावे यांचे वय पुरते बावीस वर्षांचेही नव्हते. आणि पाच वर्षांनी, १८९८ साली, मुंबईत त्याच नावाची दुसरी संस्था निघाली. विश्वविद्यालयाने मराठीस उंबऱ्याबाहेर ठेवलेले असताना या दोन संस्थांनी तिला घर दिले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. भावे पुढे 'महाराष्ट्र सारस्वत'कार म्हणून प्रसिद्धीस आले, मराठी वाङ्मयेतिहासाचा पाया त्यांनी घातला. त्या इतिहासाचा लेखक प्राध्यापक नव्हता, तो एका ग्रंथसंग्रहालयाचा संस्थापक होता, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. ज्याने पुस्तके एकत्र केली, त्यालाच त्यांचा अनुक्रम प्रथम दिसला.

छापील पुस्तकांची ही कथा. हस्तलिखितांची आणखी खडतर. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला आणि पुढे एकंदर बावीस खंड सिद्ध केले. त्यांतील कागदपत्रे कोणत्याही सार्वजनिक संग्रहात नव्हती. ती माळ्यावर, देवघरात, कणगीच्या तळाशी, देशमुख-देशपांड्यांच्या आणि कुळकर्ण्यांच्या घरी रुमालांत बांधलेली होती. आणि इनाम-वतनाचे हक्क त्या कागदांवर अवलंबून असल्यामुळे, परक्या माणसाने रुमाल सोडण्यास हात घातला की घरधन्याच्या मनात सरकारी चौकशीची धास्ती उभी राही. पायी हिंडून, विनवण्या करून, प्रसंगी भांडून राजवाड्यांनी ते मिळवले. बीडच्या पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली. ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाणारे साधन किती सहज नाहीसे होते याचा याहून बोलका दाखला नको. १९१० साली राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली, त्यामागे हीच चिंता होती: कागद मिळवणे हे एका माणसाचे काम असू शकते, तो टिकवून सर्वांस खुला ठेवणे हे संस्थेचे काम आहे. राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यास वारले, आणि पुढच्याच वर्षी धुळेकरांनी त्यांच्या दप्तरासाठी राजवाडे संशोधन मंडळ उभारले. त्याच गावी शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाच्या मठामठांतून बाडे गोळा करून श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर भरवले. रामदासांवर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्यास तेव्हापासून आजतागायत खानदेशची वाट धरावी लागते.

पोथ्या सामायिक करण्याची रीत याच काळात संस्कृतच्या क्षेत्रात पूर्णत्वास गेली. मुंबई सरकारने १८६६ पासून ब्यूलर, कीलहॉर्न, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्याकरवी सतरा हजारांहून अधिक हस्तलिखिते जमवली होती. डेक्कन कॉलेजात ठेवलेला तो संग्रह १९१८ साली, वर्षभरापूर्वीच स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या स्वाधीन झाला. या संग्रहाची वहिवाट उदार होती: हमीपत्र लिहून द्यावे, मुदत पाळावी आणि पोथी आपल्या गावी मागवून घ्यावी, अशी सोय तेथे दूरदूरच्या विद्वानांना मिळे. या देवाणघेवाणीची खरी कसोटी लागली ती महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या वेळी. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या उदार आश्रयाने ते कार्य १९१९ साली सुरू झाले, १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर यांनी त्यास शास्त्रीय शिस्त लावली, आणि १९६६ साली ते तडीस गेले. तोवर १,२५९ हस्तलिखिते मिळवून पाहण्यात आली होती. काश्मीरच्या शारदा लिपीतील, बंगालच्या, नेपाळच्या, मलबारच्या पोथ्या एका ठिकाणी कशा आणाव्या? काही आल्या, परंतु ज्यांचे येणे दुर्घट होते आणि ज्यांची लिपी पुण्यात वाचणारे थोडे होते, त्यांच्यासाठी तंजावरास व शांतिनिकेतनास पाठमेलनाची केंद्रे उघडली गेली. चौकटी आखलेल्या कागदाच्या वरच्या ओळीत आधारभूत पाठाचे एकेक अक्षर एकेका घरात मांडावे, आणि खालच्या ओळींत प्रत्येक पोथीतील पाठभेद त्या त्या अक्षराखाली नोंदवावा, अशी ती पद्धत. कागद पुण्यास येई, पोथी आपल्या ठिकाणी राही. तंजावरचा सरस्वती महाल हा भोसल्यांचा राजसंग्रह. सरफोजीराजांनी वाढवलेला आणि १९१८ साली लोकांस खुला झालेला. मराठी राजकुळाने कावेरीकाठी जपलेले ग्रंथ मुळामुठेकाठच्या विद्वानांच्या कामास आले, हे त्या सामायिक भांडाराचे एक मनोहर दृश्य होय.

त्या पिढीतील दुसरे विद्वत्कार्य तर प्रत्यक्ष वर्गणीदाराच्याच आसनावर बसून झाले. पांडुरंग वामन काणे हे व्यवसायाने हायकोर्टातील वकील. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली आणि पाचवा १९६२ साली निघाला; मधली तीस-बत्तीस वर्षे पक्षकारांच्या कागदांतून सवड काढून ते ज्या ग्रंथालयाचा आधार घेत होते ते एशियाटिक सोसायटीचे, म्हणजे सभासदांच्या वर्गणीवर चालणारे. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि भारतरत्नही. परंतु त्यांचे अध्ययनपीठ टाउन हॉलातच होते. दुर्गाबाई भागवतांनीही त्याच वास्तूत बसून आपल्या व्यासंगाची कित्येक दशके घालवली. विद्यापीठाच्या पगारपत्रकावर नसलेली माणसे असल्या ठिकाणी बसून विद्यापीठास जमले नाही ते करीत होती.

तथापि या सगळ्या संग्रहांची एक मोठी उणीव होती. कोणाच्या कपाटात काय आहे हे एकास ठाऊक तर दुसऱ्यास नाही. जोडकार्ड पाठवून कार्यवाहांस विचारावे, उत्तर आले तर नशीब, आले नाही तर गाडीभाडे खर्चून स्वतः जावे, मुक्कामास एखाद्या नातलगाचे घर पाहावे, आणि दिवसभर बसून शाईटाकाने नक्कल करावी, ही त्या काळच्या संशोधकाची दिनचर्या. हा अंधार हटवण्याचे काम शंकर गणेश दाते यांनी अंगावर घेतले. १८०० ते १९३७ या कालखंडातील मराठी मुद्रित ग्रंथांची त्यांनी केलेली सूची १९४३ साली प्रसिद्ध झाली, आणि १९३८ ते १९५० या वर्षांचा दुसरा भाग १९६१ साली. ग्रंथालयांचे संग्रह धुंडाळून, पुस्तके प्रत्यक्ष हाताळून एका माणसाने हे केले. मराठीतील खरे सामायिक ग्रंथालय त्या दिवशी जन्मास आले असे मला वाटते. कारण ग्रंथ ठाण्यास असो, वाईस असो की हैदराबादेत असो, तो एकदा सूचीत आला की साऱ्या महाराष्ट्राचा झाला. आजही मराठीचा विद्यार्थी विषय ठरला की प्रथम 'दाते सूची' उघडतो, आणि तिच्यात दाते हे माणसाचे नाव आहे याचा त्याला विसर पडलेला असतो. सूचीकाराला याहून मोठी पावती ती कोणती?

मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने १९४८ साली आणखी एक पाऊल टाकले. केवळ संशोधकांस पुस्तके पुरवण्यात समाधान न मानता त्याने मराठी संशोधन मंडळ हे स्वतःचेच खाते काढले आणि अनंत काकबा प्रियोळकर यांस त्याचे संचालक नेमले. प्रियोळकर मूळचे गोव्याचे. रघुनाथ पंडिताच्या दमयंती-स्वयंवराची पाठचिकित्सा, मुक्तेश्वराच्या आदिपर्वाचे संपादन, मुद्रणकलेचा इतिहास आणि गोमंतकातील ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा शोध, अशी त्यांची चौफेर कामगिरी. ते मंडळ पुढे मुंबई विद्यापीठाने पदव्युत्तर संशोधनाचे केंद्र म्हणून मान्य केले. ज्या विद्यापीठाने एके काळी मराठीस वरच्या परीक्षांतून काढले, त्याचेच उमेदवार एका लोकवर्गणीच्या संस्थेत बसून डॉक्टरेटचे प्रबंध लिहू लागले. काळाने उगवलेला हा सूड मोठा सौम्य आणि सुसंस्कृत आहे.

येथवर या संस्थांचे गुणगान झाले. परंतु त्यांचे दप्तर तपासताना एक नोंद लाल शाईने करावयास हवी. वर्गणी भरणारा वर्ग जसा होता तसाच संग्रह झाला. मुनसफ-वकील-मास्तरांच्या वाचनालयांत 'निबंधमाला' अखंड बांधलेली सापडते; कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली सुरू केलेल्या 'दीनबंधू'चे सलग अंक मात्र मिळता मिळत नाहीत. सत्यशोधकांची पत्रके, जलशांची पुस्तके, बहिष्कृतांची वर्तमानपत्रे ज्यांच्या हातांत होती, त्यांना लायब्ररीची पायरी पुष्कळ गावी रीतीने वा वर्गणीने बंद होती. त्यांचे वाङ्मय टिकले ते कार्यकर्त्यांच्या घरातील पत्र्याच्या पेट्यांत, आणि जेवढे टिकले तेवढेच. स्त्रियांच्या वाचनाचीही हीच कथा. संग्रहात जे नाही ते घडलेच नव्हते असे मानण्याचा मोह आमच्या कित्येक प्रबंधकारांना आवरलेला नाही. ग्रंथालय हा समाजाचा आरसा म्हणतात. तो कोणाच्या भिंतीवर टांगलेला होता हेही अभ्यासकाने पाहिले पाहिजे.

स्वराज्याच्या उंबरठ्यावर सरकारचे लक्ष या संस्थांकडे वळले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० सालीच बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणून, मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यात फिरणाऱ्या पुस्तकपेट्यांपर्यंत सारी यंत्रणा बसवली होती. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९३९ साली फैजी समिती नेमली, आणि तिने मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावच्या ग्रंथालयापर्यंत एक उतरंड सुचवली. तिला कायद्याचे रूप येण्यास १९६७ साल लागले. त्या वर्षीच्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने गावोगावची वाचनालये 'अ', 'ब', 'क', 'ड' या वर्गांत बसली आणि सरकारी अनुदानास पात्र झाली. आज अशी हजारो ग्रंथालये राज्यात आहेत. कायद्याने त्यांचे पोट भरले, हे निर्विवाद. परंतु अनुदान सभासदसंख्येवर, ग्रंथसंख्येवर आणि वर्षाच्या खरेदीवर पाहिले जाते. कपाटात १८७० सालची फाईल आहे की नाही, या रकान्यास तपासनिसाच्या तक्त्यात जागा नाही. मग नव्या कपाटास जागा हवी म्हणून जुने कपाट रिकामे होते, 'जीर्ण, वाचनास निरुपयोगी' असा शेरा पडतो, आणि निर्लेखनाचा ठराव एकमताने मंजूर होतो. आगीने व पुराने ग्रंथ जातात त्याची निदान वर्तमानपत्रांत वार्ता येते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत शिरले आणि ओले झालेले ग्रंथ पुणेकरांनी उन्हात वाळत घातले, ती आठवण अजून काढली जाते. रद्दीच्या वजनाने जे जाते त्याचे सुतक कोणी धरीत नाही.

इकडे विद्यापीठांची परिस्थिती पालटली आहे. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले आणि त्याचे ग्रंथालय पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर यांच्या नावाने नांदू लागले. मराठवाड्यास १९५८ साली स्वतःचे विद्यापीठ मिळाले. आता तर विद्यापीठांच्या ग्रंथसंग्रहांची संकलित सूची आणि प्रबंधांचे भांडार संगणकाच्या पडद्यावर घरबसल्या पाहता येते. ही सोय नाकारील असा कृतघ्न कोण? परंतु तिच्यामुळे एक नवाच भ्रम वाढीस लागला आहे: पडद्यावर जे उमटत नाही ते अस्तित्वातच नाही, असे उमेदवारास वाटू लागते. तालुक्याच्या वाचनालयाची हस्तलिखित दाखल-नोंदवही त्या पडद्यावर आलेली नाही. ती वाचण्यास अजूनही एस.टी.ने जावे लागते, आणि तिच्यातील अर्धे ज्ञान तर कागदावर उतरलेलेच नसते. ते ग्रंथपालाच्या डोक्यात असते. अमुक फाईल बांधणीत तमुक पुस्तकाबरोबर शिवली गेली आहे, अमुक ग्रंथसंग्रह कोणत्या वकिलाच्या विधवेने देणगी दिला, त्यातला एक गठ्ठा अद्याप दाखल व्हावयाचा आहे, हे तोच सांगू जाणे. तो निवृत्त झाला की ही सूचीही निवृत्त होते. विद्यापीठांस खरेच ऋण फेडावयाचे असेल, तर आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी दर सुटीत एकेका वाचनालयात धाडावे आणि शे-दोनशे जुन्या पुस्तकांच्या नोंदी करवून घ्याव्या. दाते यांनी एकट्याने जे आरंभिले ते शंभर जणांस जड जाऊ नये.

त्या तालुक्याच्या गावी चौथ्या दिवशी संध्याकाळी माझे टाचण पुरे झाले. फाईल परत देण्यापूर्वी सवयीने मी शेवटचे पान उलटले. तारखांचा कागद होता. शेवटची तारीख माझ्या जन्माच्याही आधीची होती. त्या दिवशी कोणी एका वर्गणीदाराने, कदाचित करमणुकीखातर, कदाचित वडिलांनी सांगितलेली एखादी जुनी गोष्ट ताडून पाहण्यासाठी, ती फाईल घरी नेली असेल, कंदिलाच्या उजेडात वाचली असेल, आणि मुदतीच्या आत, पाऊस असेल तर धोतराच्या सोग्यात गुंडाळून, आणून दिली असेल. माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात प्राध्यापकांची, संस्थांची, मित्रांची नावे आली. त्याचे नाव मला ठाऊक नसल्यामुळे आले नाही. त्याने केले ते इतकेच, की पुस्तक परत केले.

ग्रंथपालांनी फाईल कपाटात ठेवली, कुलूप घातले आणि माझी अनामत मोजून हाती दिली. महिना संपण्यास अजून सव्वीस दिवस बाकी होते. "वर्गणी आहे तोवर आणखी काही हवं असेल तर न्या," ते म्हणाले. मी एक कादंबरी घेतली, आणि ती मुदतीच्या दोन दिवस आधी टपालाने परत पाठवली.